मी आलो की मी आले? कोल्हापूरच्या बाईचं 'मी'

कळंबेकरीण (धागा सुरू)

मंडळी, गेल्या आठवड्यात लेक शाळेतनं आली ती गप्पच. दप्तर टाकलं, हातपाय धुतले, जेवायला बसली, तरी तोंड उघडंना. शेवटी ताटावरच रडली. वर्गात पोचायला उशीर झाला म्हणून दारातनं तिनं सांगितलं, "बाई, मी आलो." बाई म्हणाल्या, "तू मुलगा आहेस का गं?" सगळा वर्ग हसला. तिसरीतली पोर आहे. बाई मनानं वाईट नाहीत, त्यांचा हेतू शिकवण्याचाच होता. म्हणून शाळेचं नाव घेत नाही.

रात्री अंथरुणात तिनं मला विचारलं, "आई, तू पण 'आलो' म्हणतीस. आज्जी पण म्हणती. मग आपण तिघी चुकतोय का?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. ते तेव्हापासून घशात अडकलंय, म्हणून हा धागा.

आपल्याकडं बाई स्वतःविषयी बोलताना 'मी जातो', 'मी जेवलो', 'मी भाकरी करायलोय' म्हणते. पण तीच बाई नणंदेला 'आलीस व्हय?' विचारते आणि जावेबद्दल 'ती गेली की मघाशीच' सांगते. म्हणजे 'तू' आणि 'ती' बोलताना बाईपण जिथल्या तिथं असतं. फक्त 'मी' म्हटलं की पुरुष-बाई एकच. माझी आई असंच बोलते, तिची आई असंच बोलायची, शेजारच्या मावश्या असंच बोलतात. यात कुणाला पुरुष व्हायचं नसतं.

मी स्वतः सहा वर्षं पुण्यात नोकरी केली. पहिल्या महिन्यातच 'आले', 'गेले', 'करतेय' जिभेवर बसवलं. कुणी सांगितलं नव्हतं, पण डबा खाताना पहिल्यांदा 'मी जेवलो' म्हटलं तेव्हा टेबलावर जी शांतता पडली, ती पुरे झाली. आईचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचे. सुट्टीला निघालं की किणीचा टोलनाका ओलांडेपर्यंत मी 'आले' असायचे आणि कावळा नाक्याला उतरून रिक्षावाल्याशी बोलायला लागलं की 'आलो'. आता लिहितानासुद्धा बघा, वर 'जायचे' लिहिलंय. बोलताना 'जायचो' म्हटलं असतं.

तुमचं काय? तुमची बोली कुणापुढं बदलते? आणि ती बदलायला कुणी लावली?

तालमीतला

आक्का, डोळ्यांत पाणी आलं वाचून. पोरीला सांगा, कायबी चुकलं नाही.

माझं उलटं झालंय. मी मंगळवार पेठेतला, हिंजवडीला कामाला. पुण्यात गेल्यापास्नं माझं कोल्हापुरी वाढलंय. हापिसात आम्ही चारजण कोल्हापूर-इचलकरंजीचे. एकत्र आलो की 'भावा', 'नाद खुळा', 'विषय हार्ड' चालूच. खरं सांगायचं तर घरात ह्यातलं निम्मं मी कधी बोलत नव्हतो. आमचे वडील 'विषय हार्ड' म्हणत नाहीत आणि म्हटलेलं त्यांना आवडतबी नाही.

तालमीतली भाषा ह्याच्याहून वेगळी. तिथं 'खुराक', 'जोर', 'लांग', 'घिस्सा', 'ढाक'. वस्तादांसमोर आवाज खाली, आखाड्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला. उत्तर कर्नाटकातली पोरं कुस्ती शिकायला येतात, ती वस्तादांना 'री' लावतात, 'व्हय री', 'आलो री'. सहा महिन्यांत त्यांचं मराठी आमच्यासारखं होतं आणि आमच्या तोंडात त्यांची 'री' बसते. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं १९१२ ला, तवापास्नं हे चालत आलं असणार. टी-शर्टवर जी कोल्हापुरी छापतात, तिच्यात ही 'री' कधी दिसली नाही मला.

सागरमाळ

कळंबेकर ताई, मी शिवाजी विद्यापीठात भाषाविज्ञान शिकते. जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

आधी तालमीतल्या दादांचा मुद्दा घेते, कारण तो फार जुना आणि फार लांबचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. उन्हाळ्यात तिथं पैसेवाल्या पर्यटकांची रीघ लागते. विल्यम लबॉव्ह या अभ्यासकानं तिथल्या लोकांचे उच्चार टिपले आणि १९६३ साली तो अभ्यास छापला. काही स्वर जुन्या कोळ्यांच्या पद्धतीनं उच्चारण्याची रीत तिथं पुन्हा वाढत होती. ज्यांना बेटावरच राहायचं होतं, त्यांच्या तोंडात ती जास्त. ज्यांना बेट सोडून जायचं होतं, त्यांच्या तोंडात कमी. कुणी ठरवून करत नव्हतं. 'आम्ही इथले' हे जीभ सांगत होती. हिंजवडीतले चार कोल्हापूरकर तेच करतायत.

आता 'मी आलो'. कन्नडमध्ये पुरुष म्हणतो 'नानु बंदे' आणि बाईही म्हणते 'नानु बंदे'. 'तो आला', 'ती आली' यांत मात्र फरक: 'बंदनु', 'बंदळु'. आपली बोली शेकडो वर्षं कन्नडच्या शेजारी नांदलीय. 'अक्का', 'अण्णा', 'तूप', 'अडकित्ता' हे शब्द तर सगळ्या महाराष्ट्रानं तिकडून घेतले. आपण सीमेवरचे, आपण नुसते शब्द घेऊन थांबलो नाही, असं मी मानते. पण जशीच्या तशी नक्कलही नाही, कारण कन्नडमध्ये 'तू आलास' आणि 'तू आलीस' यांतही फरक नसतो, आणि आपण तो नीट ठेवलाय. शेजाऱ्याचं घेऊन आपल्या मापानं शिवलेलं आहे हे.

यावर आपल्या हाकेच्या अंतरावरचं उदाहरण आहे, सांगलीजवळचं कुपवाड. आज तिथं एमआयडीसी आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथला अभ्यास १९७१ साली छापला आणि जगभर भाषाविज्ञानाच्या वर्गात कुपवाडचं नाव घेतात. तेव्हाच्या कुपवाडात जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित घरांत मराठी, शिवाय थोडी तेलुगू. पुरुष माणसं तर दोन-तीन भाषा सहज बोलायची. अभ्यासकांना दिसलं की शब्द वेगळे, पण वाक्याचा सांगाडा जवळजवळ एक झालाय. त्यांनी दिलेलं एक वाक्य बघा.

उर्दूत: पाला जरा काट के ले के आया.
मराठीत: पाला जरा कापून घेऊन आलो.

कन्नड वाक्यही याच क्रमानं. शब्दावर शब्द ठेवला की भाषांतर तयार. मग इतकं जवळ येऊनही तिन्ही भाषा एक का झाल्या नाहीत? कारण घरात कुठली भाषा बोलायची यावर 'तू कुणाचा' हे ठरायचं. बाहेर वेगवेगळ्या समाजांची माणसं भेटली की मराठी चालायची, कारण ती गावातल्या जमीनदारांच्या घरची नव्हती. कुणाचा तोरा नसलेली भाषा मधे घ्यायची. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

गडहिंग्लजचे गुरुजी

ताई, लेकीवर वर्ग हसला हे वाईटच झालं. पण दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

मी ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मी स्वतः हजारदा 'आलो नाही, आले म्हण' सांगितलंय. का? कारण पुढं पोरीचा पेपर कोण तपासणार, मुलाखत कोण घेणार, हे तिच्या हातात नसतं. माझी एक विद्यार्थिनी, गणितात पहिली, मुलाखतीला गेली आणि 'मी सध्या कोर्स करायलोय' म्हणाली. समोरचे एकमेकांकडं बघून हसले. नंतरची उत्तरं तिला सुचलीच नाहीत. ती परत येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "गुरुजी, तुम्ही आम्हाला आधी का नाही दामटून शिकवलं?" हे वाक्य मी विसरलेलो नाही. आपण बोलीवर प्रेम करायचं आणि किंमत पोरांनी मोजायची, असं होऊ नये.

कळंबेकरीण

गुरुजी, राग कसला. मला दोन्ही यावं असंच वाटतं, मला स्वतःला येतंच. पण 'हे आपलं बोलणं, ते परीक्षेचं लिहिणं' असं सांगितलं तर पोर दोन्ही शिकेल. 'तू मुलगा आहेस का' असं विचारलं तर ती बोलायचंच बंद करेल. चार दिवस झाले, ती घरात एकदम पुस्तकातल्यासारखी बोलते आणि आज्जीशी बोलायचं टाळते. आज्जीला ते कळलंय.

शिरोळचा शेतकरी

कुपवाडचं वाचून लई बरं वाटलं. आम्ही जैन, नांदणीच्या बाजूचे. घरात कन्नड, शाळा मराठी. आई रागावली की कन्नड, बाबा हिशेब करताना कन्नड, भांगलणीला बायका आल्या की मराठी. ऊसतोडीच्या टोळ्या मराठवाड्यातनं येतात, त्यांची मराठी तिसरीच. पहिले चार दिवस त्यांचं आम्हाला आणि आमचं त्यांना निम्मं कळतं.

तुम्ही 'करायलोय' म्हणता ना, आमच्या कन्नडात 'माडाक हत्तीनि' म्हणतात. माडाक म्हणजे करायला, हत्तीनि म्हणजे लागलोय. सरळ तेच. लहानपणी मला वाटायचं दोन्ही एकच भाषा आहे, मोठी माणसं उगाच दोन नावं देतात.

एक सांगायचंय. १९५६ ला राज्यं झाली, बेळगाव, निपाणी तिकडं गेली. माझी आत्ती निपाणीत दिलेली. तिची नातवंडं कन्नड शाळेत जातात, घरात मराठी बोलतात. आम्ही घरात कन्नड बोलतो, शाळा मराठी. दिवाळीला सगळी पोरं एकत्र जमली की खेळताना कुठल्या भाषेत भांडतात ते मी लक्ष देऊन ऐकलंय. एका वाक्यात दोन्ही असतात. सीमेचं भांडण मोठ्यांचं, ते पोरांच्यात दिसत नाही.

बागवान गल्ली

आमच्या घरातली बोली दखनी. शाळेत आम्हाला सांगायचे, तुमचं हिंदी अशुद्ध आहे. लखनौकडचे मौलवी यायचे, ते सांगायचे, तुमचं उर्दू अशुद्ध आहे. मराठी तासाला तर बोलायचंच नाही. लहानपणी मला वाटायचं आपल्याला एकही भाषा धड येत नाही.

मोठेपणी कळलं की आमचं 'नक्को' तुमच्या 'नको'चं आहे आणि आमचा 'इच', 'वैसाइच', 'अब्बीच', हा तुमचा 'च' आहे. 'लोगां', 'बातां' हे दखनीचं स्वतःचं अनेकवचन. शेकडो वर्षांपूर्वी या भाषेत कविता लिहिल्या गेल्यात. हे कळल्यावर मी दादीला मुद्दाम सांगायला गेलो. ती कांद्याची पात निवडत होती. म्हणाली, "मेरेकू काय कू बताताय, मैं तो वैसाइच बोलती."

मार्केटात मी गिऱ्हाईक बघून बोलतो. पेठेतली काकी आली की 'घ्या की ओ काकी, ताजी हाय'. बाहेरगावचा पर्यटक आला की हिंदी. मुसलमान गिऱ्हाईक असलं तरी लगेच दखनी सुरू करत नाही. नाव, पेहराव काही असो, आधी ते कसं बोलतात ते ऐकतो, मग तसा बोलतो. यात फसवणूक नाही. समोरच्याला परकं वाटू नये एवढंच बघतो.

माणगावकर

सगळं वाचतोय. बोलीच्या प्रेमाचं वाचून छान वाटतंय, पण माझ्या घरातनं बघितलं तर हे इतकं गोड नाही.

माझ्या आजोबांना गावातली दहा वर्षांची पोरं अरे-तुरे करायची आणि आजोबांनी त्यांना 'धनी' म्हणायचं. वाड्यापुढनं जाताना 'जोहार'. हीसुद्धा कोल्हापूरचीच बोली होती. 'आमची रांगडी भाषा' म्हणताना हे रांगडेपण कुणाच्या वाट्याला कसं आलं, तेही आठवावं. आमच्या गावात २१ आणि २२ मार्च १९२० ला परिषद झाली, बाबासाहेब अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः आले होते. पुढं आमच्या समाजात 'जोहार' गेला आणि 'जय भीम' आलं. भाषा कशी बदलते असं कुणी विचारलं की मी हे सांगतो. दोन शब्दांनी मान वर झाली. हा बदल आमच्या लोकांनी ठरवून केला, आणि त्यासाठी मार खाल्ला.

दुसरं. गुरुजींचं मला पटतं, वेगळ्या कारणानं. कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. आमच्यासारख्या घरांतली पोरं अशा बोर्डिंगांत राहून पुस्तकातली मराठी शिकली. ती मराठी आमच्यासाठी आडोसा होती. मी कार्यालयात प्रमाण मराठी बोलतो, कारण तसं बोललो की माझी गल्ली कुठली हे कुणाला हुंगता येत नाही. पेठेतल्या दादांना कोल्हापुरी बोलून मान मिळतो. माझ्या आईनं तीच बोली बोलली की लोक आडनाव विचारायचे.

आईशी मात्र मी तिच्यासारखंच बोलतो. ती 'आलो' म्हणते. ताई, तुमच्या लेकीला तिच्या आज्जीशी बोलू द्या, हे आधी बघा.

तालमीतला

माणगावकर दादा, ह्या अंगानं मी कधीच विचार केला नव्हता. टी-शर्ट घालताना आता आठवंल. मनापासून सांगतोय.

चंदगडी

आमची बोली कोकणीला लागून. कोल्हापुरात कॉलेजला आलो तेव्हा होस्टेलवर सगळे मला 'परत बोल, परत बोल' म्हणायचे, कौतुकानंच. तरी दोन महिन्यांत मी घरची बोली फोनपुरती ठेवली. म्हणजे पुण्यात कोल्हापूरकराचं जे होतं, ते कोल्हापुरात आमचं होतं. एवढंच नोंदवतो.

सासर कोल्हापूर

मी कोथरूडची, लग्न होऊन इथे आले त्याला अकरा वर्षं झाली. सुरुवातीला सासूबाई 'मी देवळात जाऊन येतो' म्हणाल्या की मी चमकायचे. माझं बोलणं इथे सगळ्यांना टोचायचं, हेही हळूहळू कळलं. मी 'तुम्ही घेणार आहात का?' विचारायचे, त्यात आपुलकी नाही असं जावेला वाटायचं. इथे 'घ्या की' म्हणतात. त्या 'की'मध्ये आग्रह आहे, हे कळायला मला वर्ष लागलं.

कपिलतीर्थ मार्केटात भाजीवाल्या मावशी मला दर वेळी विचारायच्या, "कुठल्या ओ तुम्ही?" पाचेक वर्षांपूर्वी एकदा पिशवी विसरले, धावत परत गेले आणि म्हणाले, "मावशी, पिशवी विसरून गेलो बघा." त्यांनी पिशवी दिली आणि काहीच विचारलं नाही. त्यानंतर कधीच विचारलं नाही. घरी येईपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं मी काय म्हणाले ते. माहेरी गेले की अजूनही 'आले'च. पण पिशवीचं ते वाक्य माझं आहे.

गडहिंग्लजचे गुरुजी

काल रात्री हा धागा पुन्हा वाचला आणि झोप लागली नाही. ३४ वर्षं व्याकरण शिकवलं आणि एक गोष्ट डोळ्यांसमोर असून दिसली नाही.

ताई, तुमच्या लेकीला हे सांगा. पुण्याच्या दोन बायका मिळून बाजारात गेल्या तर परत येऊन काय सांगतात? 'आम्ही गेलो, आम्ही आलो.' 'आम्ही आल्या' असं प्रमाण मराठीत कुणीच म्हणत नाही. वर्गात शंभर मुली असल्या तरी 'आम्ही आलो'च. आणि उद्याविषयी बोलायचं तर? 'मी येईन, मी जाईन.' तिथंही पुरुषाचं वेगळं आणि बाईचं वेगळं नाही. म्हणजे स्वतःविषयी बोलताना लिंग न दाखवणं ही रीत प्रमाण मराठीतच बसलेली आहे. ती रीत 'आम्ही'ला चालते, भविष्यकाळात चालते. कोल्हापूरची बाई ती 'मी आलो'पर्यंत नेते, इतकंच. तिचं व्याकरण मोडलेलं नाही. तिचं व्याकरण जास्त सरळ आहे.

लिहिताना 'आले' लिहावं, परीक्षेत लिहावं, हे माझं म्हणणं कायम आहे. पण मी इतकी वर्षं लाल शाईनं गोल करून 'चूक' लिहिलं, तो 'चूक' शब्दच चुकीचा होता. 'इथं असं लिहितात' एवढं लिहायला हवं होतं. त्या मुलींची मी इथं माफी मागतो.

कळंबेकरीण

गुरुजी, तुमचं लिहिणं मी काल लेकीला वाचून दाखवलं. 'आम्ही आलो' तिला लगेच पटलं. थोडा वेळ बोटं मोजत बसली. 'आम्ही खेळलो, आम्ही जेवलो, आम्ही पळालो.' मग म्हणाली, "मग बाई पण म्हणत असतील की." शनिवारी पालकसभा आहे. मी बाईंशी भांडायला नाही, बोलायला जाणार आहे. त्याही इथल्याच आहेत, त्यांच्या घरातसुद्धा कुणीतरी 'आलो' म्हणत असणार.

माणगावकर दादा, तुमचं ऐकलं. आज्जीकडं पाठवलं तिला. दोघी शेंगा फोडत बसल्या होत्या.

सागरमाळ

ताई, एक विनंती. डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात गावोगावच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवलंय. मला माझ्या प्रबंधासाठी तसंच काम कोल्हापूरच्या बायकांच्या बोलण्यावर करायचंय. तुमच्या आईंचं बोलणं टिपू द्याल का? गुऱ्हाळाचे, पिकाचे, घरातले शब्द, काहीही. नाव कुठं येणार नाही.

कळंबेकरीण

विचारलं. आईचं वय ७८. आधी म्हणाली, "माझं काय टिपून घेताय, मी कुठं शिकलोय?" मग गुऱ्हाळाचं नाव काढलं तशी सुरूच झाली. काहिलीत रस कसा उतू जायला बघायचा, गुळव्याला वास कसा कळायचा, रवा निघाला की पोरांना गरम काकवी कशी द्यायची. "मी एवढी लहान हुतो, चिपाडाच्या ढिगावर झोपलो आन् सगळी हुडकत बसली हुती मला."

लेक ऐकत होती. "आज्जी, मग तू काय केलीस?"

"काय करतो? उठलो आन् भाकरी मागितली."

रविवारी दुपारी चारला या. बिंदू चौकातनं कळंब्याकडं येताना जेलच्या पुढं आलात की फोन करा, मी रस्त्याला येऊन थांबतो.